नर्सिंग होममध्ये हॉस्पिस लावताना: आधी खाटेचा हिशोब, मग सही

रविवारी दुपारी फोन येतो. "बाबांना मागच्या महिन्यात हॉस्पिस लावलं. मेडिकेअर सगळं देतं म्हणाले होते. आज नर्सिंग होमचं अकरा हजार डॉलरचं बिल आलंय. काहीतरी चुकलंय त्यांचं."

बहुतेक वेळा त्यांचं काही चुकलेलं नसतं. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारी सेवा. तिची नर्स, औषधं, ऑक्सिजन, खाटेवरची खास गादी हे सगळं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा, देतं. पण ती खाट ज्या खोलीत आहे तिचं भाडं आणि तिथली रोजची देखभाल, म्हणजे 'रूम अँड बोर्ड', हॉस्पिसच्या लाभात येत नाही. ते आधी कोण भरत होतं आणि हॉस्पिसच्या सहीनंतर कोण भरणार, हे कोणी विचारलेलंच नसतं. न्यू जर्सीत मी ओळखीच्या मराठी घरांची अशी कागदपत्रं बघायला बसते, तेव्हा दहातल्या सात-आठ घरांत घोळ याच जागी असतो.

हा लेख अमेरिकेत आईवडील किंवा सासूसासरे नर्सिंग होममध्ये असलेल्यांसाठी आहे. पुण्यातल्या नातेवाइकांशी बोलताना एक जपा. इथे 'नर्सिंग होम' म्हणजे आजारी, वृद्ध माणसांच्या लांबच्या मुक्कामाची आणि देखभालीची जागा, तिकडे म्हणजे डॉक्टरांचं वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. "बाबा नर्सिंग होममध्ये आहेत" ऐकून आत्या विचारतात, "मग घरी कधी सोडणार?" त्यांना आधीच नीट समजावून ठेवा, नाहीतर हॉस्पिसचा निर्णय तुम्हाला दोनदा घ्यावा लागेल: एकदा इथे आणि एकदा व्हॉट्सॅपवर.

तयारी: एक फाइल

पुढचं काही करण्याआधी एका फोल्डरमध्ये एवढं जमवा: मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड, अॅडव्हांटेज प्लॅन (सरकारकडच्या 'मूळ' मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) किंवा मेडिगॅपचं (मूळ मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेला विमा) कार्ड, पार्ट डीचं (औषधांचा विमा) कार्ड, मेडिकेडचं (कमी उत्पन्न-बचत असलेल्यांचा राज्यामार्फतचा विमा) पत्र असेल तर ते, हेल्थ केअर प्रॉक्सी (उपचाराचे निर्णय कोण घेणार त्याचा कागद) आणि पॉवर ऑफ अॅटर्नी (पैशाचे व्यवहार कोण बघणार त्याचा कागद), ग्रीन कार्डची प्रत, आणि शेवटच्या हॉस्पिटल मुक्कामाचा डिस्चार्जचा कागद. त्या कागदावर 'इनपेशंट' कधीपासून आणि 'ऑब्झर्वेशन' किती वेळ हे पेनाने अधोरेखित करा. ते का, हे तिसऱ्या टप्प्यात कळेल.

प्रॉक्सी नसेल आणि आईबाबा अजून शुद्धीत असतील, तर ती आजच करा. अर्धं डोकं ताळ्यावर असलेल्या माणसाकडून सही घेणं महिन्याभराने शक्य होईलच असं नाही.

टप्पा १: बिझनेस ऑफिसमध्ये जा

मजल्यावरच्या नर्सला औषधाचं माहीत असतं, पैशाचं नसतं. सोशल वर्करलाही अर्धवटच माहीत असतं. बिझनेस ऑफिसमध्ये जा आणि एकच प्रश्न विचारा: "आज रात्रीच्या खाटेचे पैसे कोण देतंय, आणि कोणत्या तारखेपर्यंत?" तिथल्या भाषेत याला 'पेअर सोर्स' म्हणतात. हा शब्द वापरलात की समोरची बाई स्क्रीन तुमच्याकडे वळवते.

उत्तर या चारांपैकी एक येईल:

१. मेडिकेअर पार्ट ए (मूळ मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग), म्हणजे हॉस्पिटलनंतरचे रिहॅबचे, थेरपी घेऊन सावरण्याचे, दिवस.
२. मेडिकेअर अॅडव्हांटेज प्लॅनने मंजूर केलेले रिहॅबचे दिवस.
३. मेडिकेड.
४. तुमचा खिसा, किंवा लाँग-टर्म केअरची पॉलिसी.

तीन किंवा चार असेल तर हॉस्पिस लावल्याने खाटेच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. मेडिकेड देतच राहतं, फक्त वाट बदलते. खिशातून देत असाल तर तेवढंच देत राहता आणि वर हॉस्पिसची सेवा मिळते. अडचण आहे एक आणि दोनमध्ये.

*तपासा:* "मेडिकेअरवर आहेत" हे उत्तर घेऊन उठू नका. पार्ट ए की अॅडव्हांटेज, कितवा दिवस चालू आहे आणि शेवटची मंजूर तारीख कोणती, हे तिन्ही लिहून घ्या.

टप्पा २: कार्ड ओळखा

मूळ मेडिकेअर असेल तर गोष्ट सरळ. मेडिकेअरमधल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे आता अॅडव्हांटेज प्लॅन आहे, आणि तिथे लोक हमखास दोन चुका करतात.

पहिली चूक म्हणजे प्लॅनच्या नेटवर्कमधलं हॉस्पिस शोधत बसणं. अॅडव्हांटेज प्लॅन असला तरी हॉस्पिसचे पैसे मूळ मेडिकेअर देतं. मेडिकेअरने मान्य केलेलं कुठलंही हॉस्पिस चालतं. प्लॅनचं रेफरल लागत नाही, प्रायर ऑथरायझेशन म्हणजे आधीची मंजुरीही लागत नाही. काही प्लॅनमधूनच हॉस्पिस देऊन बघण्याचा एक प्रयोग २०२१पासून चालू होता. तो ३१ डिसेंबर २०२४ला बंद झाला. कस्टमर सर्व्हिसवरचं कोणी अजून "आमचं नेटवर्कचं हॉस्पिस घ्या" म्हणालं, तर नाव आणि वेळ टिपून ठेवा आणि १-८००-मेडिकेअरला फोन लावा.

दुसरी चूक म्हणजे हॉस्पिस घेतलं म्हणून प्लॅन सोडून देणं. सोडायची गरज नाही. प्रीमियम भरत राहा. प्लॅनचे दात-चष्म्यासारखे जादा लाभ आणि औषधांचा भाग चालू राहतो. आजाराशी संबंध नसलेल्या उपचारासाठी, समजा डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी, तुम्ही प्लॅनच्या नेटवर्कमधूनही जाऊ शकता किंवा मूळ मेडिकेअरवरही. हॉस्पिसच्या माणसाला कार्ड दाखवताना मात्र लाल-पांढरं-निळंच काढा. प्लॅनचं दिलंत तर बिल चुकीच्या दारात जातं आणि दोन महिने फिरत बसतं.

नर्सिंग होममध्ये कायम राहणाऱ्यांसाठीचे खास प्लॅन असतात, त्यांना आय-स्निप म्हणतात. त्यांनाही हाच नियम. 'पेस' या, वृद्धांची सगळी काळजी एकाच टीमकडून देणाऱ्या कार्यक्रमात असाल तर वेगळं: तिथे शेवटच्या दिवसांची काळजी पेसच घेतो, आणि मेडिकेअरचं स्वतंत्र हॉस्पिस हवं असेल तर पेसमधून नाव काढावं लागतं. ते घाईत करू नका. खाटेचे पैसेही पेसच देत असतो.

आता आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न. मुलाने ग्रीन कार्डावर आणलेले आईवडील. मुलाने वीस वर्षं टॅक्स भरला म्हणून त्यांना पार्ट ए फुकट मिळत नाही. स्वतःचे किंवा जोडीदाराचे चाळीस क्वार्टर्स, म्हणजे टॅक्स भरून केलेल्या कामाच्या तिमाह्या, लागतात. वय ६५ झालं असेल आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं झाली असतील तर पार्ट ए विकत घेता येतो, सोबत पार्ट बीही (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घ्यावा लागतो. तीसपेक्षा कमी क्वार्टर्स असतील तर २०२५मध्ये पार्ट एचा हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता. पाच वर्षं झालेली नसतील तर मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून घेतलेला खासगी, विमा हाती असतो. त्यात हॉस्पिस सहसा असतं, नर्सिंग होमचा लांबचा मुक्काम नसतो. आणि व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेल्यांना यातलं काहीच धरून चालता येत नाही. तिथे डॉक्टरांना पहिला प्रश्न "भारतात परतायचा प्रवास झेपेल का" हाच.

टप्पा ३: रिहॅबचे दिवस की हॉस्पिस

इथे घाई करू नका.

हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस 'इनपेशंट' म्हणून राहिल्यावर मूळ मेडिकेअर स्किल्ड नर्सिंगचे म्हणजे रिहॅबचे दिवस देतं, एका बेनिफिट पिरियडमध्ये (मेडिकेअर दिवस मोजतं तो कालावधी) जास्तीत जास्त १००. 'ऑब्झर्वेशन'मधल्या, म्हणजे रीतसर भरती न करता नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या, रात्री त्या तिनात धरत नाहीत, म्हणून तो कागद जपून ठेवायला सांगितला. अॅडव्हांटेज प्लॅन बऱ्याचदा तीन दिवसांची अट घालत नाहीत, पण मग दर थोड्या दिवसांनी मंजुरी मागतात.

मूळ मेडिकेअरमध्ये पहिले २० दिवस पूर्ण मोफत. २१ ते १०० दिवसांना रोजचा वाटा, २०२५मध्ये २०९.५० डॉलर. मेडिगॅपचा 'जी' किंवा 'एन' प्रकारचा प्लॅन असेल तर हा वाटा तोच भरतो. आणि महत्त्वाचं म्हणजे या दिवसांत खाटेचे पैसेही मेडिकेअरच देत असतं.

एकाच आजारासाठी पार्ट एचे रिहॅबचे दिवस आणि हॉस्पिस दोन्ही एकदम मिळत नाहीत. हॉस्पिसची सही झाली की रिहॅबचे पैसे थांबतात आणि त्याबरोबर खाटेचेही.

एक नमुना घेऊ. वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर. न्यूमोनियामुळे पाच दिवस इनपेशंट, मग रिहॅब. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणतात, आता हॉस्पिसचा विचार करा. दुसऱ्याच दिवशी सही केली तर हॉस्पिसची टीम येते, पण तेराव्या दिवसापासून खाट तुमच्या खिशावर. न्यू जर्सीत दिवसाला चारशे डॉलरच्या पुढे धरून चाला. सही न करता थांबलात तर विसाव्या दिवसापर्यंत खाट मोफत, पण बाबांना रोज सकाळी वॉकर धरून उभं करणार, कारण थेरपी किंवा नर्सची खास काळजी रोज लागत असेल तरच मेडिकेअर पैसे देतं. दुखणं मात्र तसंच राहतं.

नर्सिंग होमलाही रिहॅबच्या दिवसाचे पैसे मेडिकेडच्या दिवसापेक्षा बरेच जास्त मिळतात. त्यामुळे "अजून थोडी थेरपी करून बघू" हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं, तरी ते कोणत्या खात्यातून आलंय ते ओळखायला शिका. बरीच माणसं हॉस्पिसच्या सेवेत अगदी शेवटचे चार-सहा दिवस येतात, त्याचं हे एक मोठं कारण. अॅडव्हांटेजमध्ये याची दुसरी बाजू दिसते. हॉस्पिस घेतल्यावर मुख्य खर्च प्लॅनच्या अंगावरून मूळ मेडिकेअरवर जातो, तेव्हा तिकडून हॉस्पिसचं नाव कधीकधी लवकरही निघतं. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारा: बाबांच्या प्रकृतीत काय बदललं म्हणून तुम्ही हे आज सांगताय?

मग करायचं काय? माझ्या मते या क्रमाने.

आधी 'पॅलिएटिव्ह केअर'च्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. हे हॉस्पिस नव्हे. डॉक्टरांचे पैसे पार्ट बीमधून जातात, अॅडव्हांटेज असेल तर प्लॅन देतो, आणि रिहॅबचे दिवस चालू असतानाही वेदना, धाप, मळमळ यांवर औषध बदलून मिळतं. ही मधली वाट बरीच घरं विचारतच नाहीत.

त्याच आठवड्यात मेडिकेडचं काम सुरू करा (टप्पा ४).

मग तारीख ठरवा. रिहॅब ज्या दिवशी तसंही संपणार, ती हॉस्पिस सुरू करण्याची सर्वांत सोपी तारीख. पण बाबा तळमळत असतील तर तारखेची वाट बघू नका. आठ दिवसांचे तीन-साडेतीन हजार परवडत असतील तर ते द्या आणि सही करा. घरी नेणं शक्य असेल तर खोलीचं भाडंच उरत नाही, पण रात्री तीनला कूस कोण बदलणार, याचं उत्तर आधी द्या.

*अपवाद:* आजार वेगळा असेल तर दोन्ही मिळू शकतं. कॅन्सरसाठी हॉस्पिसवर असलेली बाई पडली आणि खुबा मोडला, तर खुब्याच्या रिहॅबचे दिवस पार्ट ए देऊ शकतं. हॉस्पिस आणि नर्सिंग होम दोघांकडून 'असंबंधित' असं लेखी घेतल्याशिवाय मात्र गृहीत धरू नका.

*थांबा:* प्लॅनने रिहॅब बंद केल्याची नोटीस आली तर घाबरून हॉस्पिसवर सही करू नका. शेवटच्या दिवसाच्या किमान दोन दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तिच्यावर क्यूआयओ या स्वतंत्र संस्थेचा फोन नंबर असतो. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोन केला की जलद अपील होतं. नोटीस शुक्रवारी संध्याकाळी हातात पडली तरी फोन करा. नोटिशीवरची सही म्हणजे "मिळाली" एवढंच, "मान्य आहे" नव्हे.

टप्पा ४: मेडिकेड सहीच्या आधी

मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असलेल्या रहिवाशाने हॉस्पिस घेतलं की राज्याचं मेडिकेड खाटेचे पैसे नर्सिंग होमला थेट देणं थांबवतं. ते हॉस्पिसला जातात, नर्सिंग होमच्या दराच्या किमान ९५ टक्के, आणि हॉस्पिस ते नर्सिंग होमकडे पोचतं करतं. तुम्हाला यात काही करायचं नसतं. पण त्या महिन्यात बिझनेस ऑफिसकडून चुकून 'प्रायव्हेट पे'चं, म्हणजे खिशातून भरायचं, बिल आलं तर ते भरू नका. आधी दोन्हीकडे फोन करा.

सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) चेक मात्र पूर्वीसारखाच खाटेसाठी जातो. मेडिकेडवरच्या रहिवाशाला हातखर्चासाठी थोडी रक्कम ठेवून बाकीचं उत्पन्न खाटेसाठी द्यावं लागतं. ती हातखर्चाची रक्कम केंद्राच्या नियमाने किमान ३० डॉलर महिना, काही राज्यांत थोडी जास्त. "हॉस्पिस लागलं, आता चेक आपला" असं समजून तीन महिने पैसे बाजूला ठेवणाऱ्या एका घराला पुढे ते एकरकमी द्यावे लागले.

अर्ज अजून केलाच नसेल तर हे लक्षात घ्या. मागच्या ६० महिन्यांची बँक स्टेटमेंटं मागतात. नातवाच्या कॉलेजला दिलेले पंधरा हजार, भावाला भारतात पाठवलेले आठ हजार, सगळ्यावर प्रश्न येतो. भारतातली खाती आणि फ्लॅटही सांगावेच लागतात. लपवलं तर नंतर जड जातं. बऱ्याच राज्यांत एकट्या माणसाच्या बचतीची मर्यादा २,००० डॉलर आहे. जोडीदार घरी राहत असेल तर त्याच्या वाट्याचं संरक्षण वेगळं असतं, घरातलं सगळं संपवावं लागत नाही. आणि ५५ वर्षांवरच्या माणसावर नर्सिंग होमसाठी खर्च झालेला पैसा राज्य त्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेतून मागतं, जोडीदार हयात असेपर्यंत नाही. घर नावावर असेल तर एल्डर लॉचा, म्हणजे वृद्धांच्या कायदेशीर प्रश्नांचा, वकील गाठा. माझ्यासारखीचं ऐकून घर नावावरून काढू नका.

ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेडसाठीही बहुधा पाच वर्षांची अट लागते. राज्याराज्यांत फरक आहे. तुमच्या राज्याच्या 'शिप' या मोफत सल्ला सेवेला फोन करा. ते विमा विकत नाहीत.

*तपासा:* अर्ज 'पेंडिंग' असताना हॉस्पिसची सही करणार असाल, तर बिझनेस ऑफिसकडून लिहून घ्या: मंजुरी मागच्या तारखेपासून आली तर भरलेले पैसे परत मिळतील का, आणि तोवर दरमहा किती भरायचे.

टप्पा ५: हॉस्पिस निवडणं

हॉस्पिस तुम्ही निवडता, पण त्या हॉस्पिसचा तुमच्या नर्सिंग होमशी लेखी करार असावा लागतो. म्हणून आधी नर्सिंग होमला यादी मागा, मग मेडिकेअरच्या केअर कंपेअर संकेतस्थळावर त्यातली नावं बघा. एकच नाव पुढे केलं तर विचारा, "बाकी कोणाशी करार आहे?" दोन-तीन हॉस्पिसना फोन करून हे विचारा:

नर्स आठवड्यात किती वेळा येते आणि आंघोळ घालणारी एड किती वेळा? रात्री दोनला फोन केला तर माणूस येतो की फोनवरच सांगतात? या इमारतीत सध्या तुमचे किती पेशंट आहेत? दुखणं आवाक्याबाहेर गेलं तर 'जनरल इनपेशंट', म्हणजे भरती करून द्यायची सेवा, कुठे देता? हा शेवटचा प्रश्न पैशाचाही आहे, कारण त्या पातळीच्या सेवेत खाटेचे पैसेही हॉस्पिसच्या लाभात येतात.

आईला शेवटी मराठीच कळत असेल, शाकाहारी असेल, कोणी रोज स्तोत्र ऐकवायला येणार असेल, तर तेही इथेच सांगा. हॉस्पिसचा चॅपलेन (धर्माचा आधार द्यायला येणारा माणूस) ख्रिश्चनच हवा असा नियम नाही, आणि कोणीच नको म्हणायचीही मुभा आहे.

टप्पा ६: सहीचा दिवस

पात्रता थोडक्यात: पार्ट ए हवा, आणि आजार नेहमीच्या वाटेने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा कमी, असं दोन डॉक्टरांनी लिहायला हवं. एक हॉस्पिसचे, दुसरे पेशंटचे नेहमीचे, असले तर. सही 'इलेक्शन स्टेटमेंट'वर होते. तिच्यात पेशंट त्या आजारावरचा बरा करणारा उपचार मेडिकेअरच्या पैशाने घेणं सोडतो. इतर आजारांचा उपचार चालूच राहतो.

सही करताना तीन गोष्टी.

फॉर्मवरची सुरुवातीची तारीख वाचा. तीच रिहॅबचे पैसे थांबण्याची तारीख. नर्स सवयीने आजची टाकते.

'अॅडेंडम' मागा. कुठली औषधं आणि सेवा हॉस्पिस 'असंबंधित' म्हणून देणार नाही, याची ती लेखी यादी. सही झाल्यापासून पाच दिवसांत मागितली तर पाच दिवसांत द्यावी लागते, नंतर मागितली तर तीन दिवसांत. मधुमेहाचं इन्शुलिन, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं औषध यांचं काय, ते त्यात दिसतं. वेदना, मळमळ, बद्धकोष्ठता आणि अस्वस्थता या चार गटांतली औषधं पार्ट डी आता सहज देणार नाही, आधी मंजुरी मागेल, कारण ती हॉस्पिसने द्यायची असतात. काउंटरवर 'रिजेक्ट' आलं तर बहुधा हेच.

डीएनआर, म्हणजे हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये असा आदेश, सक्तीचं नाही. "डीएनआर केल्याशिवाय हॉस्पिस मिळत नाही" असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. करावं का, हा वेगळा प्रश्न. माझं मत विचाराल तर त्याच आठवड्यात घरच्यांनी बसून ठरवावं, म्हणजे पोल्स्टचा (शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत याचा) फॉर्म एकदाच भरला जातो.

टप्पा ७: पहिले दहा दिवस

आता एका पेशंटला दोन मालक झाले. जेवण, कपडे, रोजची स्वच्छता, नेहमीची औषधं हातात देणं हे नर्सिंग होमचं. आजाराची औषधयोजना, खास साहित्य, नर्स आणि एडच्या फेऱ्या हॉस्पिसच्या. दोघांनी मिळून एक काळजीचा आराखडा करायचा असतो. त्याची प्रत मागा. नाहीतर मंगळवार-गुरुवार हॉस्पिसची एड येते म्हणून नर्सिंग होमची एड बाकीचे पाच दिवस आंघोळीकडे बघत नाही.

माझ्या सासूबाईंच्या वेळी रात्री दीडला धाप लागली. हॉस्पिसने दुपारीच मॉर्फिनच्या थेंबांची ऑर्डर बदलली होती. कागद फॅक्सच्या ट्रेमध्ये होता, औषधाच्या गाडीच्या कुलपात बाटली होती, आणि रात्रपाळीची नर्स म्हणत होती, "माझ्या स्क्रीनवर ऑर्डर नाही." ती खोटं बोलत नव्हती. हॉस्पिसच्या चोवीस तासांच्या नंबरला मी फोन लावला आणि फोन तिच्या कानाला लावला, तेव्हा चाळीस मिनिटांनी थेंब मिळाले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: हॉस्पिसची नर्स बाहेर पडण्याआधी विचारा, "आज काही बदललंत का?" हो म्हणाली तर तिच्यासमोरच मजल्यावरच्या नर्सला ते स्क्रीनवर दाखवायला सांगा.

*थांबा:* ९११ लावण्याआधी हॉस्पिसला फोन. हॉस्पिसने ठरवलेली नसलेली अँब्युलन्स आणि इमर्जन्सी रूम, तीही त्याच आजारासाठी, तुमच्या नावावर बिल होऊ शकते. खाटेजवळच्या भिंतीवर हॉस्पिसचा नंबर मोठ्या अक्षरांत लावा आणि खाली लिहा: आधी इथे. नर्सिंग होमची बदली नर्स सवयीने ९११च लावते.

टप्पा ८: सहा महिने उलटले तर

सहा महिने हा अंदाज आहे, मुदत नाही. पहिले दोन कालखंड ९० दिवसांचे, पुढचे ६० दिवसांचे, हवे तितके. तिसऱ्या कालखंडाच्या आधी आणि पुढे दर वेळी हॉस्पिसचे डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर प्रत्यक्ष येऊन बघतात. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटच्या बाबतीत इथेच गाडी अडते. आई स्थिर आहे, वजन टिकून आहे, म्हणून हॉस्पिस सोडून देतं. त्याचीही लेखी नोटीस येते आणि तिच्यावरही तसंच जलद अपील करता येतं. तोवर दंडाचा घेर, वजन, किती घास खाल्ले, किती वेळा पडली, हे वहीत तारखेसह लिहीत गेलात तर बोलायला काही हाताशी असतं.

हॉस्पिस आवडलं नाही तर एका कालखंडात एकदा दुसरं घेता येतं. त्याला 'ट्रान्सफर' म्हणतात. त्यासाठी 'रिव्होकेशन'वर सही करू नका. रिव्होकेशन म्हणजे हॉस्पिसच सोडणं, आणि त्या कालखंडाचे उरलेले दिवस त्यात जातात. पुन्हा घेता येतं, पण नव्या कालखंडापासून. अॅडव्हांटेजवाल्यांनी रिव्होक केलं तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत खर्च मूळ मेडिकेअरकडेच राहतो, मग प्लॅनकडे परततो. मधल्या दिवसांत हॉस्पिटलला जावं लागलं तर दोन्ही कार्डं बरोबर न्या.

टप्पा ९: शेवटचं

फ्यूनरल होमचं नाव आणि फोन आधीच चार्टमध्ये लिहून घ्या. नर्सिंग होम देह फार वेळ ठेवत नाही, आणि रात्री तीनला इंटरनेटवर शोधणं कोणाच्याही नशिबी येऊ नये. गंगाजल, तुळशीचं पान खाटेजवळच्या खणात असू द्या आणि नर्सला सांगून ठेवा, नाहीतर सफाईत जातं. हॉस्पिसची माणसं नंतरही वर्षभर घरच्यांची विचारपूस करतात. तो फोन आला तर कापू नका.

मग पुन्हा एकदा बिझनेस ऑफिस. आगाऊ भरलेले दिवस परत मागा. बाबांचा हातखर्च नर्सिंग होमच्या खात्यात ठेवलेला असेल तर मृत्यूनंतर ३० दिवसांत त्याचा हिशोब आणि शिल्लक द्यावी लागते. मेडिकेडवर असतील तर त्यावर राज्याचा हक्क आहे का, तेही त्याच वेळी विचारा. चष्मा, ऐकण्याचं यंत्र आणि दाताची कवळी खोलीतून स्वतः उचला. त्या तीन वस्तू हरवल्याची तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे.